खात्री पटते, विश्वास मात्र ठेवावा लागतो

मराठीत खात्री ‘पटते’, श्रद्धा ‘बसते’ किंवा ‘जडते’, आणि विश्वास मात्र आपण ‘ठेवतो’ किंवा ‘टाकतो’. पुरावा समोर आला की खात्री आपोआप पटते, आणि श्रद्धा नेमकी कधी बसली हे पुष्कळदा ज्याचे त्यालाही सांगता येत नाही. विश्वासाला मात्र ठेवणारा लागतो, ज्याच्यावर ठेवायचा तो लागतो, आणि ठेवलेला विश्वास मोडला जाण्याचा धोकाही पत्करावा लागतो. ख्रिस्ती धर्मात संशयाकडून विश्वासाकडे जाणे म्हणजे काय, हे समजून घेताना या क्रियापदापासून निघालेले बरे, कारण मराठी बायबलमध्येही जागोजागी हाच शब्द आहे. नव्या करारातील, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागातील, मूळ ग्रीक शब्द ‘पिस्तिस’. त्यात एखादे मत खरे मानणे येते, पण त्याहून अधिक येते ते एखाद्या व्यक्तीवर विसंबणे आणि तिच्याशी एकनिष्ठ राहणे. प्रार्थनेच्या शेवटी म्हणतो तो ‘आमेन’ हा शब्द भक्कम असणे, टेकू देता येणे अशा अर्थाच्या हिब्रू धातूपासून आला आहे. आणि आपला ‘विश्वास’ हा ‘श्वस्’ धातूचा. भीती सरून मोकळा श्वास घेता येणे हा त्याचा मुळातला अर्थ.

मी भुसावळची. वडील रेल्वेत होते, आमचे लहानपण रेल्वेच्या क्वार्टरमध्ये गेले आणि रविवारची उपासना मालगाड्यांच्या आवाजात झाली. पुढे शिक्षिका म्हणून नोकरी केली, तेव्हा शिक्षकखोलीत एक प्रश्न वर्षानुवर्षे ऐकला: “बाई, तुम्हां लोकांना एवढी खात्री असते तरी कशी?” यावर मी “खात्री नाही, विश्वास आहे” असे म्हटले की ऐकणाऱ्याला ती पळवाट वाटायची, आणि खरे सांगायचे तर काही वर्षे ती पळवाटच होती. या लेखात धर्मांतराच्या राजकारणाविषयी मी काही लिहिणार नाही. खानदेशात, विशेषतः नंदुरबार-नवापूर भागात, तो विषय निघाला की माणसे लगेच दोन बाजूंना उभी राहतात आणि मूळ प्रश्न मधल्या मध्ये राहून जातो. जन्माने ख्रिस्ती असलेल्या माणसालाही जो प्रवास स्वतःच्या पायांनी करावा लागतो, त्याविषयी हा लेख आहे.

आधी केळीच्या बागेचे उदाहरण घेते, कारण रावेर-यावलकडच्या कोणालाही ते पुस्तकातल्या उदाहरणांपेक्षा लवकर समजते. मृगबाग लावणारा शेतकरी जूनमध्ये नर्सरीतून ग्रँड नैनची टिश्यू कल्चर रोपे आणतो. वीतभर उंचीच्या, चार-सहा पानांच्या त्या रोपाकडे पाहून ते खरोखर त्याच जातीचे आहे की नाही हे त्याला सांगता येत नाही, आणि त्याला घड कसा येईल हे तर मुळीच सांगता येत नाही. मात्र तो डोळे झाकून पैसे मोजत नाही. गेल्या वर्षी त्याच नर्सरीची रोपे लावलेल्या शेजाऱ्याची बाग त्याने पाहिलेली असते, फण्या मोजलेल्या असतात, चार ठिकाणी विचारपूस केलेली असते. इतके करूनही जे कळायचे ते निसवण झाल्यावर, म्हणजे झाडातून घड बाहेर पडल्यावरच कळणार, आणि तोवर महिनोन् महिने ठिबक चालू ठेवावे लागणार, खते द्यावी लागणार. मध्येच एखाद्या ओळीत पाने पिवळी दिसली की ‘सीएमव्ही तर नाही ना?’ या विषाणूरोगाच्या शंकेने त्याची झोप उडते, पण तेवढ्यासाठी तो बागेचे पाणी तोडत नाही. सकाळी उठून ओळीत जातो आणि पान उलटून पाहतो.

ख्रिस्ती परंपरा ज्याला विश्वास म्हणते त्याची घडण बरीचशी अशी आहे. त्याच्यामागे कारणे असतात, पण ती कारणे शेवटपर्यंत पुरत नाहीत. जे उरते ते पाणी घालत राहिल्यावरच कळते. सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेनंतरच्या ईश्वरविज्ञानात विश्वासाचे तीन पदर सांगितले गेले: काय सांगितले आहे ते माहीत असणे, ते खरे आहे असे बुद्धीने मान्य करणे, आणि त्यावर भरवसा टाकणे. पहिले दोन पदर असूनही तिसरा नसू शकतो. नव्या करारातल्या याकोबाच्या पत्रात याविषयी बोचरे वाक्य आहे: देव एक आहे असा विश्वास भुतेही धरतात आणि थरथर कापतात. म्हणजे नुसते मान्य करण्याला त्या पत्राच्या लेखी फारशी किंमत नाही.

तसेच संशयाचे. ‘शंका’ ही उत्तर मागते. ‘संशय’ समोरच्याच्या हेतूवर येतो. ‘अविश्वास’ हा पुष्कळदा निर्णय असतो, दार लावून घेण्यासारखा. विद्यार्थ्याने हात वर करून “बाई, हे गणित असे कसे?” असे विचारणे आणि “बाई मुद्दाम चुकीचे शिकवतात” असे मनात धरणे या दोन गोष्टींत जेवढे अंतर आहे, तेवढे या शब्दांतही आहे. जॉन हेन्री न्यूमन या इंग्रज धर्मविचारवंताने 1864 मध्ये लिहिले होते की दहा हजार अडचणी मिळूनही एक संशय होत नाही. मंडळीत, म्हणजे चर्चच्या समाजात, पुष्कळदा चूक होते ती इथेच: मुलाने शंका विचारली की वडीलधारे त्याला अविश्वासी ठरवतात, आणि काही वर्षांनी तो खरोखरच तसा होतो.

बायबल याबाबतीत आपल्या पाळकांपेक्षा, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंपेक्षा, मोकळे आहे. येशूचे चरित्र सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांपैकी मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अगदी शेवटी, पुनरुत्थित म्हणजे मरणातून उठलेला येशू गालीलातल्या डोंगरावर शिष्यांना भेटतो तेव्हा त्यांनी त्याला नमन केले, पण काहींना संशय वाटला, असे लिहिले आहे. येथे वापरलेल्या ग्रीक क्रियापदात ‘दोन’ हा अर्थ दडलेला आहे. दोन ठिकाणी उभे असणे, आपल्या भाषेत द्विधा होणे. नव्या करारात हे क्रियापद फक्त दोनदा येते, आणि दुसऱ्या ठिकाणी ते पाण्यावरून चालता चालता बुडू लागलेल्या पेत्र या शिष्याला उद्देशून आहे. पेत्र बुडू लागतो तेव्हा येशू आधी हात देऊन त्याला धरतो आणि मग विचारतो की तू संशय का धरलास. क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे. डोंगरावरच्या प्रसंगातही ज्यांना संशय वाटला त्यांना बाजूला काढलेले नाही, सर्व राष्ट्रांकडे जाण्याची आज्ञा त्यांनाही तशीच मिळते.

येशूच्या पुनरुत्थानाची बातमी ऐकून ती न मानणाऱ्या थोमा या शिष्याची गोष्ट सर्वांना माहीत असते, पण ती बहुधा अर्धीच सांगितली जाते. ‘त्याच्या हातांतील खिळ्यांचे व्रण पाहिल्यावाचून मी विश्वास धरणार नाही’ असे तो म्हणाला म्हणून त्याच्या नावाला ‘संशयी’ हे विशेषण चिकटले. वास्तविक इतर शिष्यांना जे आधीच पाहायला मिळाले होते तेवढेच तो मागत होता. शिवाय शुभवर्तमानकार योहानाने एक तपशील दिला आहे ज्याकडे माझे स्वतःचे लक्षही फार उशिरा गेले: आठ दिवसांनंतर, दारे बंद असताना, थोमा त्यांच्याबरोबर त्याच घरात होता. म्हणजे आठवडाभर दहा जण एक सांगत होते, अकरावा ते नाकारत होता, आणि तरीही तो घर सोडून गेला नव्हता व त्यांनी त्याला घालवूनही दिले नव्हते. येशू व्रण दाखवतो, बोट घाल म्हणतो. थोमाने बोट घातले असे मात्र कोठेही लिहिलेले नाही. त्याच्या तोंडून एकदम निघते, “माझ्या प्रभू, माझ्या देवा!” तो पुरावा मागायला आला होता आणि हाक मारून मोकळा झाला. हाच थोमा पुढे भारतात आला, इ. स. 52 मध्ये केरळच्या किनाऱ्यावर उतरला आणि मैलापूरला मारला गेला, अशी केरळच्या जुन्या ख्रिस्ती समाजाची परंपरा आहे.

पुरावा कुठवर नेतो

एखादा वाचक म्हणेल की भरवशाच्या गोष्टी ठीक आहेत, पण आधी हे खरे आहे की नाही ते सांगा. हा प्रश्न टाळता येत नाही आणि टाळूही नये. ज्या खानदेशातल्या अमळनेरला 1916 मध्ये तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले आणि जेथे दूरदूरची माणसे वेदान्ताचा काथ्याकूट करायला येऊन राहिली, तेथल्या माणसाला ‘विचारू नका, फक्त माना’ असे सांगणे बरे नव्हे.

तत्त्वज्ञानाच्या वाटेने जाणाऱ्यांमध्ये तेराव्या शतकातला थॉमस अक्विनास सर्वांत प्रसिद्ध आहे. जगात हालचाल आहे, कार्यकारणाची साखळी आहे, व्यवस्था आहे, यांवरून आदिकारणापर्यंत पोचणारे पाच मार्ग त्याने मांडले. त्या मार्गांवर पुढे भरपूर आक्षेप घेतले गेले, पण ते सगळे आक्षेप दूर झाले असे धरले तरी जे हाती येते ते एक आदिकारण, आणि आदिकारणाला कोणी प्रार्थना करत नाही. हे ज्याला नेमके जाणवले तो फ्रेंच गणिती ब्लेझ पास्कल. 23 नोव्हेंबर 1654 च्या रात्री त्याला जो अनुभव आला त्याचे त्याने कागदावर टिपण केले आणि तो कागद कोटाच्या अस्तरात शिवून ठेवला. 1662 मध्ये तो वारल्यावर नोकराला तो सापडला. त्यात लिहिले होते की अब्राहामाचा, इसहाकाचा, याकोबाचा देव, तत्त्वज्ञांचा आणि विद्वानांचा नव्हे. संभाव्यतेच्या गणिताचा पाया घालणाऱ्या माणसाने हे लिहावे, हे मला नेहमी विचार करायला लावते.

ख्रिस्ती विश्वासाचा खरा कस तत्त्वज्ञानात लागतच नाही, तो इतिहासात लागतो, आणि याबाबतीत हा धर्म स्वतःच टीकाकाराच्या हातात काठी देतो. करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात पौल हा प्रेषित सरळ म्हणतो की ख्रिस्त उठवला गेला नसेल तर आमची घोषणा व्यर्थ आणि तुमचा विश्वासही व्यर्थ. हे पत्र साधारण इ. स. 53 ते 55 च्या सुमाराचे, म्हणजे क्रूसावरच्या मरणानंतर जेमतेम वीस-पंचवीस वर्षांनी लिहिलेले. त्यात तो साक्षीदारांची यादी देतो: केफा म्हणजे पेत्र, मग बारा जण, मग एकाच वेळी पाचशेहून अधिक बंधू, ज्यांतले बहुतेक अजून जिवंत आहेत असे तो आवर्जून नोंदवतो, मग याकोब, आणि सर्वांत शेवटी स्वतः पौल.

या यादीतला याकोब मला महत्त्वाचा वाटतो. तो येशूचा भाऊ. येशू हयात असताना त्याचे भाऊ त्याच्यावर विश्वास ठेवत नव्हते असे योहानाने लिहून ठेवले आहे, आणि सख्ख्या भावाला देवपण द्यायला कोणीही सहजासहजी तयार होत नाही हे आपल्याला घरोघरचे ठाऊक आहे. पुढे हाच याकोब यरुशलेमच्या मंडळीचा प्रमुख झाला आणि इ. स. 62 मध्ये मारला गेला, या मृत्यूची नोंद ख्रिस्ती नसलेल्या योसेफस या यहुदी इतिहासकाराने केली आहे. रोमन इतिहासकार टॅसिटसनेही पंतय पिलात या रोमन सुभेदाराच्या हाती ख्रिस्ताला देहदंड झाल्याचे लिहिले आहे. चारही शुभवर्तमानांत रिकामी कबर प्रथम स्त्रियांना दिसते. त्या काळी स्त्रीच्या साक्षीला पुरुषाच्या साक्षीइतके वजन नसे, तेव्हा कोणी गोष्ट रचायलाच बसला असता तर त्याने असे साक्षीदार निवडले नसते.

दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवी. योसेफस आणि टॅसिटस यांच्यावरून मरण सिद्ध होते, पुनरुत्थान नव्हे. कबरेपाशी किती स्त्रिया गेल्या, देवदूत एक होता की दोन, यांविषयी चार शुभवर्तमानांत फरक आहेत. डेव्हिड ह्यूम या तत्त्वज्ञाने 1748 मध्ये घेतलेला आक्षेप आजही वजनदार आहे: चमत्काराची साक्ष खोटी असण्याची शक्यता चमत्कार घडल्याच्या शक्यतेपेक्षा नेहमीच अधिक असते. देव नाहीच असे ज्याने आधी धरले आहे त्याला हा आक्षेप पुरेसा वाटतो. देव असू शकेल असे ज्याला वाटते त्याला तो पुरेसा वाटत नाही. इतिहास माणसाला एका काठापर्यंत आणून सोडतो. त्या काठावर ‘काहीतरी विलक्षण घडले होते आणि त्याने भेदरलेल्या माणसांना निर्भय केले’ एवढे म्हणता येते. पुढचे पाऊल इतिहासकार म्हणून टाकता येत नाही. मला यात धर्माचे कमीपण दिसत नाही. नर्सरीवालाही पावती देईल, पण घड दाखवू शकणार नाही.

दुखण्यातून आलेला संशय

माझा स्वतःचा संशय मात्र या वाटेने आलाच नव्हता. मी तेव्हा टॅसिटसचे नावही ऐकले नव्हते. आईची मूत्रपिंडे निकामी झाली, आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झाले, आणि घरी रोज संध्याकाळी प्रार्थना होऊ लागल्या. बाहेरून आलेल्या एका प्रचारकाने आईच्या डोक्यावर हात ठेवून ती बरी झाली असल्याचे जाहीर केले. अकरा आठवड्यांनी ती गेली. मातीला आलेल्या त्याच गृहस्थांनी अंगणात, निलगिरीखाली उभे राहून, माझ्या वडिलांना हलक्या आवाजात सांगितले, “भाऊ, विश्वास थोडा कमी पडला.” वडील काही बोलले नाहीत. हातातली टोपी ते फिरवत राहिले, बराच वेळ. मी त्यानंतर सात वर्षे उपासनेला गेले नाही.

हे वाक्य इतक्या घरांत म्हटले गेले आहे की त्याचा सरळ समाचार घेतला पाहिजे. विश्वास ही मापाने मोजायची वस्तू आहे आणि माप भरले की देव काम करतो, अशी समजूत त्याच्यामागे असते. मार्काच्या नवव्या अध्यायात याचे उत्तर आहे. फेफऱ्याने तडफडणाऱ्या मुलाला घेऊन एक बाप येतो. शिष्यांना मुलगा बरा करता आलेला नाही, भोवती शास्त्री वाद घालत आहेत, आणि थकलेला बाप म्हणतो की आपल्याला काही करता येत असेल तर आमच्यावर दया करा. त्या ‘असेल तर’वर येशू त्याला हटकतो, तेव्हा तो माणूस ओरडून म्हणतो, “माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका.” एका वाक्यात दोन्ही. या बापाला ‘आधी विश्वास पूर्ण कर, मग ये’ असे येशू म्हणत नाही. मुलगा बरा होतो. उलट पौलासारखा प्रेषित आपल्या शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनवणी करतो आणि काटा निघत नाही. अर्धवट विश्वासाच्या बापाचे मागणे पुरे झाले आणि पौलाचे झाले नाही, तेव्हा मापाचा हिशेब बायबलमध्येच चुकतो. मोहरीच्या दाण्याएवढ्या विश्वासाविषयी येशू जे बोलला त्यातही भर दाण्याच्या आकारावर नाही, तो कोणाच्या हाती दिला यावर आहे. आणि प्रार्थना करायची तर औषध सोडले पाहिजे, हा विचारही या धर्माचा नव्हे. तसे असते तर मिशनऱ्यांनी नवापूर तालुक्यात चिंचपाड्यासारख्या ठिकाणी रुग्णालय कशाला काढले असते?

दुःखातून आलेल्या संशयाला युक्तिवाद लागू पडत नाही. सात वर्षांनी आमचे वृद्ध पाळकसाहेब एकदा घरी आले, चहा घेतला, आणि मी काही विचारण्याआधी म्हणाले, “बेटा, मी समजवायला नाही आलो. एक स्तोत्र वाचतो आणि जातो.” त्यांनी अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र वाचले. तक्रारीच्या इतर स्तोत्रांत शेवटी कोठेतरी आशेचा सूर लागतो. हे एकच असे आहे की ते अंधारातच संपते. ते वाचून त्यांनी पुस्तक मिटले आणि खरेच उठून गेले. देवाकडे पाठ फिरवून केलेली तक्रार आणि देवाकडे तोंड करून केलेली तक्रार यांतला फरक मला त्या दिवशी कळला, आणि दुसऱ्या प्रकारच्या तक्रारीला पवित्र शास्त्रात जागा राखून ठेवलेली आहे हेही. क्रूसावर येशूने “माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?” हे बाविसाव्या स्तोत्राचे शब्द उच्चारले, ख्रिस्ती माणूस ज्याच्यावर विश्वास ठेवतो त्याच्याही तोंडी हा प्रश्न आहे.

संशयाचा आणखी एक प्रकार आहे ज्यात बुद्धीचे समाधान झालेले असते आणि मन तयार नसते. ऑगस्टीन हा उत्तर आफ्रिकेतला विद्वान नऊ वर्षे मानी पंथात (प्रकाश आणि अंधार या दोन तत्त्वांचा संघर्ष मानणाऱ्या पंथात) होता, मग काही काळ संशयवादी झाला, आणि मिलानला बिशप अँब्रोजची प्रवचने ऐकून त्याच्या बहुतेक शंका फिटल्या. तरी तो बाप्तिस्मा घेईना, कारण जगण्याची रीत बदलायची नव्हती. त्याने स्वतःच पुढे कबुली दिली आहे की ‘मला संयम दे, पण इतक्यात नको’ अशी त्याची प्रार्थना असे. 386 मध्ये बागेत त्याचा हा पेच सुटला आणि पुढच्या वर्षी त्याने बाप्तिस्मा घेतला. अशा माणसाला आणखी पुस्तके देऊन उपयोग नसतो.

आपल्याकडची दोन उदाहरणे याहून जवळची आहेत. कवी नारायण वामन टिळक राजनांदगावला निघाले असता रेल्वेच्या डब्यात एका युरोपियन गृहस्थाने त्यांना नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. (भुसावळकर म्हणून रेल्वेच्या डब्यातल्या या प्रसंगाचे मला उगाच अप्रूप आहे.) टिळकांना भाकीत हास्यास्पद वाटले, पण पुस्तक त्यांनी वाचले, आणि येशूच्या डोंगरावरील प्रवचनापाशी ते थबकले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई मात्र त्यांच्यामागून लगेच गेल्या नाहीत. त्या काही वर्षे वेगळ्या राहिल्या, स्वतः विचार केला, सोवळेओवळे आपल्या हातांनी सोडले आणि 1900 मध्ये बाप्तिस्मा घेतला. एकाच घरातल्या दोन माणसांच्या वाटा आणि वेळा इतक्या निराळ्या होत्या.

पंडिता रमाबाईंची वाट तर अधिकच विचार करण्याजोगी आहे. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतर त्यांचे प्रश्न थांबण्याऐवजी वाढले. त्रैक्याच्या, म्हणजे पिता, पुत्र व पवित्र आत्मा मिळून एकच देव या सिद्धान्तावरून त्यांनी तेथल्या अँग्लिकन भगिनींशी (मठवासी स्त्रियांशी) पत्रांतून असा वाद घातला की त्या भगिनी हैराण झाल्या. अधिकाऱ्यांनी सांगितले म्हणून मानायचे, हे त्या कबूल करीनात. जवळजवळ आठ वर्षांनी, भारतात परतून शारदा सदन सुरू केल्यानंतर, त्यांच्या ध्यानात आले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडला नव्हता. हे त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवले. बुद्धीचा पदर आणि भरवशाचा पदर यांत एका विदुषीच्या आयुष्यात आठ वर्षांचे अंतर पडले, आणि त्या आठ वर्षांतले प्रश्न वाया गेले नाहीत. पुढे मूळ हिब्रू-ग्रीकवरून संपूर्ण बायबल मराठीत आणायला बसलेली बाई तीच होती.

ज्याला ही वाट स्वतः चालून पाहायची आहे तो मला विचारतो तेव्हा मी मार्काचे शुभवर्तमान एका बैठकीत वाचायला सांगते. ते चारांत सर्वांत छोटे आहे, सोळा अध्यायांचे, आणि दीड तासात संपते. नोंदवहीत शंका लिहाव्यात, पण वाचन थांबवू नये. प्रार्थना जमत नसेल तर त्या बापासारखी ‘असेल तर’ लावून करावी. तशी प्रार्थना अप्रामाणिक नाही, उलट ज्यावर विश्वास नाही ते ठामपणे म्हणणे अप्रामाणिक आहे. आणि येशूने सांगितलेली एखादी गोष्ट करून पाहावी, म्हणजे ज्याच्याशी बोलणे बंद आहे त्या भावाच्या दारात जावे. योहानाच्या सातव्या अध्यायात येशू म्हणतो की जो देवाच्या इच्छेप्रमाणे करू पाहील त्याला ही शिकवण कोणाकडची आहे ते कळेल. करणे आधी, कळणे मागून. ज्या मंडळीत प्रश्न विचारला की चेहरे बदलतात किंवा बाप्तिस्म्याची घाई केली जाते, तेथून मात्र खुशाल बाहेर पडावे. हे सर्व करूनही विश्वास येईलच असे नाही, कारण ख्रिस्ती शिकवणीप्रमाणे तो शेवटी देवाचे दान आहे. कष्ट करावेत आणि तरीही जे मिळेल ते दान समजावे, हे तर्काला अडचणीचे वाटते. मृगाची वाट पाहणाऱ्याला मात्र ते फार समजावून सांगावे लागत नाही.

माझ्यापुरते सांगायचे तर मी परत आले ती एका सकाळी सगळे पटले म्हणून नव्हे. आले, मागच्या बाकावर बसले, आणि पुढच्या रविवारी पुन्हा आले. आजही प्रेषितांचा विश्वासांगीकार, म्हणजे उपासनेत सर्वांनी मिळून म्हणायची विश्वासाची कबुली, म्हणताना ‘देहाचे पुनरुत्थान’ या शब्दांपाशी माझा आवाज कधी कधी खाली येतो, आईची आठवण येते आणि जीभ अडते. मार्काच्या दुसऱ्या अध्यायात चार माणसे एका पक्षाघाती माणसाला बाजेवर उचलून आणतात, छप्पर उसकटून खाली सोडतात, आणि तेथे लिहिले आहे की येशूने ‘त्यांचा’ विश्वास पाहिला. बाजेवरचा माणूस तोवर काही बोललेलाच नाही. माझा आवाज खाली येतो तेव्हा शेजारच्या बाकावरच्या म्हाताऱ्या बाई, ज्यांना हे सगळे पाठ आहे आणि ज्यांना ऐकू कमी येते म्हणून ज्या नेहमीच सर्वांपेक्षा मोठ्याने म्हणतात, त्या ती ओळ म्हणून पुढे गेलेल्या असतात, आणि बाहेरून मालगाडी गेली तरी त्यांचा आवाज ऐकू येतो.